अंगणातले पाणी आणि घराचा पाया

(संस्थेचे सभासद आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून आपण शिक्षण, नोकरी, संघटन अशा विषयांवरील व्याख्याने ऐकत आला आहात. आज मी बोलणार आहे ते अंगणात साचणाऱ्या पाण्यावर. विषय साधा आहे. कोणाला कदाचित क्षुल्लकही वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेकांनी आयुष्यभराची कमाई ज्या एका वस्तूत घातली, ती वस्तू म्हणजे घर. कोणी प्रॉव्हिडंट फंड मोडला, कोणी पतपेढीचे कर्ज काढले, कोणी रमाई आवास योजनेच्या हप्त्यांत पदरचे पैसे घालून चार भिंती उभ्या केल्या. हे घर पाच-सात वर्षांत तडकू लागले की घरातल्या माणसांचा धीर सुटतो. मग कोणी गवंड्याला दोष देतो, कोणी सिमेंटला, तर कोणी दाराची दिशा चुकली असे सांगून भलताच खर्च करायला लावतो. खरे कारण मात्र अनेकदा भिंतीच्या बुडाशीच असते. तेथे पाणी मुरत असते.

कारण ओळखले की उपाय सापडतो. या बाबतीत तर उपाय पुष्कळदा फावडे, घमेले आणि चार दिवसांची मेहनत एवढ्यात बसतो. कारण न ओळखता केलेला खर्च मात्र दरवर्षी करावा लागतो. म्हणून प्रथम कारण समजून घेऊ.

काळी माती कशी वागते

विदर्भ, मराठवाडा, खानदेश, सोलापूर या भागांत आपल्या हजारो वस्त्या काळ्या मातीवर उभ्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारस पसरला. त्याचा काळा दगड झाला, आणि तो दगड झिजून ही कापसाची काळी माती तयार झाली. शेतीला ती सोन्यासारखी आहे, कारण ती ओल धरून ठेवते. पण जो गुण पिकाला उपयोगी, तोच घराला जाचक ठरतो. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज असते. त्याचे कण अतिशय बारीक पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते. पाणी निघून गेले की आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पावसाळ्यात त्याच भेगा मिटून जातात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. घराखालची जमीनही याच रानाचा तुकडा आहे. तिच्यावर आपण भिंत बांधली म्हणून तिचा स्वभाव बदलत नाही.

फुगणाऱ्या मातीचा जोर मोठा असतो. चार मजली इमारतीचे वजन तो काही अंशी दाबून धरते. आपले एकमजली घर मात्र हलके असते, म्हणून काळ्या मातीत छोट्या घरांनाच तडे अधिक जातात.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. घराखालची सगळी माती सारखी फुगली आणि सारखी आकसली, तर घर थोडे वर जाईल, थोडे खाली येईल, पण फाटणार नाही. घर फाटते ते एक कोपरा वर आणि दुसरा खाली गेल्यामुळे. जमिनीच्या मधल्या भागावर घराचे आच्छादन असते, तेथील ओल फारशी बदलत नाही. कडेची माती पावसात भिजते आणि उन्हात वाळते. त्यातच एका कोपऱ्यात मोरीचे पाणी बारा महिने मुरत असेल आणि समोरच्या कोपऱ्यात मोठे झाड ओल शोषून घेत असेल, तर एक कोपरा उचलला जातो आणि दुसरा खचतो. विटांची भिंत वाकू शकत नाही. ती तडकते.

म्हणून आजच्या सगळ्या बोलण्याचा गाभा एकच आहे. घराच्या चारही बाजूंची ओल शक्य तितकी सारखी ठेवावी. त्यासाठी पाणी भिंतीजवळ साचू किंवा मुरू देऊ नये, ते उताराने दूर न्यावे.

कोकणातील सभासदांना वाटेल की हा त्रास आमचा नाही. जांभ्याची जमीन काळ्या मातीसारखी फुगत नाही, हे खरे. पण तेथे पाऊस अडीच-तीन हजार मिलीमीटर पडतो आणि घरे पुष्कळदा डोंगर कापून केलेल्या सपाटीवर असतात. वरून येणारे पाणी पायाजवळची माती धुऊन नेते आणि मागची भिंत सतत ओली राहते. तेथे घराच्या वरच्या अंगाला आडवा चर खणून पाणी दोन्ही बाजूंनी वळवणे हा पहिला उपाय. घरामागे दगडी भिंत बांधून माती अडवली असेल, तर त्या भिंतीत पाणी बाहेर पडायला भोके ठेवलीच पाहिजेत. नाहीतर मागे साचलेले पाणी भिंतीलाच ढकलून देते.

पाणी येते कोठून आणि किती

आता थोडा हिशेब करू. विद्यार्थ्यांनी तो वहीत मांडून पाहावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलीमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होते. लहानसे घरकुल २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असते, असे धरू. एका दमदार सरीत ५० मिलीमीटर पाऊस झाला, तर त्या छपरावरून १,२५० लिटर पाणी खाली येते. दोनशे लिटरच्या पिंपाने मोजले तर सहा पिंपे भरून वर उरते. हे पाणी स्लॅबच्या एकाच नळकांड्यातून भिंतीच्या बुडाशी पडत असेल, तर आपण सहा पिंपे नेऊन पायात ओतल्यासारखेच झाले. सबंध पावसाळ्यात ७०० मिलीमीटर पाऊस धरला, तर वर्षाचे १७,५०० लिटर होतात.

हे झाले पावसाचे. आता मोरीचे पाणी पाहा. जल जीवन मिशन २०१९ साली सुरू झाले, तेव्हा ग्रामीण भागात दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठरले. पाच माणसांच्या घरात हे २७५ लिटर होतात. त्यातील सुमारे ८० टक्के पाणी अंघोळ, भांडी, धुणे करून सांडपाणी म्हणून बाहेर पडते, म्हणजे दिवसाला २२० लिटर. वर्षाचा हिशेब केला तर ८०,३०० लिटर! छपरावरील पावसाच्या साडेचार पट. पाऊस तरी चार महिने पडतो आणि चारी बाजूंनी पडतो. सांडपाणी बारा महिने, एकाच कोपऱ्यात, ऐन उन्हाळ्यात बाकीची जमीन वाळून कोरडी झालेली असतानाही मुरत राहते. असमान ओल म्हणतात ती हीच.

पूर्वी आपल्या आया-बहिणी विहिरीवरून, हापशावरून हंडे वाहून आणत. त्या पाण्याचा थेंब न थेंब जपून वापरला जाई, आणि अंगणात ओल राहण्याइतके पाणी उरतच नसे. आता नळ घरात आला, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या घरात नळ आला आणि गटार आले नाही, त्या घराच्या पायाशी एक नवे तळे तयार झाले, हेही ओळखले पाहिजे.

तिसरे पाणी शेजारून, रस्त्यावरून, गावाच्या उंच भागातून वाहत आपल्या अंगणात येते. त्याविषयी पुढे बोलेन.

तडे वाचायला शिका

डॉक्टर नाडी पाहतो, तसे तडे पाहून बरेच काही कळते. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या केसाएवढ्या रेघा असतील, तर तो बहुधा गिलाव्याचाच दोष, पायाचा नव्हे. पण दार-खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला, विटांच्या सांध्यांतून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा, वर रुंद आणि खाली अरुंद किंवा त्याच्या उलट असा तडा पायाच्या हालचालीचा असतो. ऋतू बदलला की दार चौकटीत अडकते, पुढे मोकळे होते. तडा उन्हाळ्यात रुंदावतो आणि पावसाळ्यात मिटतो किंवा याच्या नेमके उलट होते. ऋतूबरोबर होणारी अशी ये-जा असेल, तर काळ्या मातीचे काम आहे असे समजावे.

तडा दिसला की लगेच सिमेंटने बुजवू नका. त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी खूण करा आणि शेजारी तारीख लिहा. मध्यभागी तड्यावर पट्टीने रुंदी मोजून तीही लिहा. दर महिन्याला असे करा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला, की तडा वाढतो आहे, थांबला आहे की ऋतूप्रमाणे उघडझाप करतो आहे, हे तुमच्यासमोर लेखी येईल. इंजिनियरला दाखवायला यापेक्षा चांगला पुरावा नाही. पण भिंत ओळंब्यातून बाहेर गेली असेल, फुगली असेल किंवा तड्यात बोट जात असेल, तर महिने मोजत बसू नका. त्या खोलीत झोपणे बंद करा आणि जाणकाराला बोलवा.

विद्यार्थ्यांना शाळेच्या प्रयोगशाळेत करता येण्यासारखा एक प्रयोग सांगतो. अंगणातील माती वाळवून, कुटून, बारीक चाळून घ्यावी. मोजमापाच्या दोन काचनळ्यांत प्रत्येकी १० ग्रॅम माती टाकावी. एकीत ऊर्ध्वपातित पाणी आणि दुसरीत रॉकेल भरावे, ढवळून हवा बाहेर काढावी आणि निदान २४ तास तसेच ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. दोन्हींतील मातीची उंची वाचून, पाण्यातील माती किती टक्क्यांनी जास्त झाली ते काढावे. वाढ ५० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता कमी. शंभर टक्क्यांच्या पुढे गेली, तर त्या जमिनीवर घर बांधताना आणि सांभाळताना फार जपले पाहिजे. बांधकामाच्या प्रयोगशाळांतही हीच चाचणी करतात.

उपाय

पहिला उपाय फुकट आहे. पुढच्या मोठ्या सरीत छत्री घेऊन घराभोवती पंधरा मिनिटे फिरा. पाणी कोठून येते, कोठे साचते, कोणत्या भिंतीला लागते, हे पाहून कागदावर घराचा चौकोन काढा आणि बाणांनी दाखवा. पाऊस थांबल्यावर तासाभराने पुन्हा पाहा, कोणते डबके अजून आहे. घरातील स्त्रियांना जरूर विचारा. धुणे-भांडी करताना पाणी कोठे जाते, कोणत्या कोपऱ्यात शेवाळ येते, हे त्यांना अचूक ठाऊक असते. घर बांधताना मात्र त्यांचे मत क्वचितच घेतले जाते.

दुसरा उपाय उताराचा. भिंतीपासून दहा फुटांपर्यंत जमीन सहा इंच उतरती करावी. जागा कमी असेल तर जेवढी आहे तेवढ्यात उतार द्यावा आणि पुढे चर काढून पाणी न्यावे. उतार डोळ्यांनी ठरवू नका. डोळा फसतो. गवंड्याकडे पारदर्शक लेव्हल पाइप असतो. त्यात पाणी भरून एक टोक जोत्याजवळ आणि दुसरे अंगणाच्या कडेला धरले, की दोन्ही टोकांचे पाणी एकाच पातळीत राहते. दोन्हीकडे पाण्यापासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजले की फरक कळतो. आठवीतल्या मुलालाही हे जमते.

भराव घालताना दोन पथ्ये पाळा. माती पातळ थरांत टाकून, किंचित पाणी शिंपडून, धुमसाने चोपली पाहिजे. सैल टाकलेली माती पहिल्याच पावसात बसते आणि उतार उलटा होतो. आणि भराव जोत्याच्या माथ्यापर्यंत चढवू नका. जोत्याचा निदान अर्धा-एक फूट भाग उघडा दिसला पाहिजे, नाहीतर ओल भिंतीत चढते.

येथे पुष्कळांचा एक गैरसमज असतो. पायाभोवती खड्डा करून त्यात वाळू किंवा खडी भरली, म्हणजे पाणी निचरून जाईल, असे समजतात. काळ्या मातीत तसे होत नाही. सभोवतालची चिकण माती पाणी पुढे जाऊ देत नाही, म्हणून तो वाळूचा चर पायाला लागून भरलेली विहीरच होतो. पायालगतचा भराव वरून बंद केला पाहिजे.

तिसरा उपाय हा त्यासाठीच. जोत्याभोवती कोब्याचा किंवा फरशीचा पट्टा करावा, ज्याला कंत्राटदार प्लिंथ प्रोटेक्शन म्हणतात. तो निदान तीन फूट रुंद असावा. काळ्या मातीत सहा फूट झाला तर उत्तम. फुटाला पाव ते अर्धा इंच उतार बाहेरच्या बाजूला द्यावा. पट्टा आणि भिंत यांच्यामधील सांधा डांबराने भरावा, कारण पट्टा थोडा वरखाली होणारच आणि सिमेंटने भरलेला सांधा तेथे तडकतो. तडकलेल्या सांध्यातून पाणी थेट पायात उतरते. म्हणून दरवर्षी मे महिन्यात हा सांधा तपासून पुन्हा भरावा.

चौथा उपाय छपराच्या पाण्याचा. पत्र्याच्या घराला पन्हळ लावावी, स्लॅबच्या घराला पाइप जोडून तो भिंतीच्या बुडाशी न सोडता गटारापर्यंत किंवा निदान पट्ट्याच्या बाहेर न्यावा. पाणी साठवायला पिंप ठेवले असेल तर फारच चांगले, पण भरून वाहू लागल्यावर ते पाणी कोठे जाते ते पाहा.

पाचवा उपाय मोरीचा. धुण्याचा दगड भिंतीला लागून ठेवू नये. मोरीचा पाइप जोत्यातून जेथे बाहेर पडतो तेथील सांधा तपासावा. बादलीभर पाण्यात थोडी नीळ मिसळून मोरीत ओता. नीळ पाइपाच्या दुसऱ्या टोकाला न येता भिंतीच्या कडेला दिसली किंवा कमी प्रमाणात बाहेर आली, तर गळती आत आहे.

शोषखड्ड्याविषयी

गेल्या काही वर्षांत गावोगाव शोषखड्डे खोदले गेले. उघडी गटारे आणि डास कमी करायला ही योजना चांगली आहे, आणि नांदेड जिल्ह्यातील कामाची त्यासाठी वाखाणणी झाली. पण खड्डा कोठे आणि कोणत्या जमिनीत, याचा विचार न करता तो घराच्या भिंतीला खेटून घेतला, तर डास गेले आणि पाया खचला असे व्हायचे. आपण मघाशी हिशेब केला ते दिवसाचे २२० लिटर पाणी आपणच पायाखाली सोडतो.

खड्डा भिंतीपासून शक्य तर वीस फूट दूर आणि उताराच्या बाजूला असावा. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर असेल, तर त्यापासून साठ फूट दूर असावा. खोदण्यापूर्वी फूटभर खोल लहान खड्डा करून तो रात्रभर पाण्याने भरून ठेवा. सकाळी पुन्हा भरा आणि तासाभरात पाणी किती उतरते ते पाहा. जवळजवळ उतरलेच नाही, तर त्या थरात शोषखड्डा चालणार नाही. खाली मुरूम लागेपर्यंत खोल जावे लागेल. मुरूम फार खाली असेल तर खड्ड्याचा हट्ट सोडून गटारच मागावे. ज्या घरांना अंगणच नाही, त्यांनी चार-पाच घरे मिळून सखल मोकळ्या जागेत एकच सामाईक खड्डा घ्यावा.

झाडांविषयी

झाड लावू नका असे मी कधीही म्हणणार नाही. पण वड, पिंपळ, उंबर, कडुनिंब यांची मुळे दूर जातात आणि उन्हाळ्यात जमिनीची ओल ओढून घेतात. काळ्या मातीत झाड पूर्ण वाढल्यावर जेवढे उंच होईल, तेवढे अंतर घरापासून ठेवावे, असा सोपा ठोकताळा आहे. आपल्या विहारांच्या आवारात बोधिवृक्ष म्हणून पिंपळ लावण्याची प्रथा आहे. रोप लावताना ते हातभर असते, म्हणून ते भिंतीजवळ, पायरीशेजारी शोभून दिसते. पन्नास वर्षांनंतरचा पिंपळ डोळ्यांसमोर आणून जागा निवडा, म्हणजे वृक्षही राहील आणि विहारही राहील. भिंतीच्या फटीत पक्ष्यांच्या विष्ठेतून उगवलेले पिंपळाचे रोप मात्र लहान असतानाच मुळासकट काढावे.

उलट, घराजवळ मोठे झाड अगोदरच असेल तर ते एकदम तोडू नका. इतकी वर्षे ते जी ओल शोषत होते ती आता जमिनीत राहील, माती फुगेल आणि घराचा तो कोपरा वर उचलला जाईल. त्याऐवजी फांद्यांची छाटणी करून झाड आटोक्यात ठेवावे आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा.

नवे घर बांधणाऱ्यांसाठी थोडेसे

ज्यांना अजून बांधायचे आहे त्यांनी आधी एक चाचणी खड्डा घ्यावा. मुरूम चार-पाच फुटांवर लागत असेल तर पाया तेथपर्यंत न्यावा. काळी माती फार खोल असेल, तर रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने विकसित केलेले, खालच्या टोकाला फुगवटा असलेले खांब उपयोगी पडतात. ऋतूप्रमाणे जेथे ओल बदलत नाही अशा थरात, साधारण साडेतीन मीटर खोल, ते रोवतात आणि वर तुळई टाकून भिंत उभी करतात. मुंबईच्या आयआयटीमधील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवर दीर्घ संशोधन केले. न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मुरमासारख्या मातीचा चोपलेला थर मध्ये घातला तर फुगण्याचा जोर आटोक्यात राहतो, हे त्यांनी दाखवून दिले. ही कामे इंजिनियरच्या देखरेखीखालीच करावीत. पण कितीही चांगला पाया घातला तरी अंगणाचा निचरा करावाच लागतो, त्यातून सुटका नाही.

पाणी कुंपण मानत नाही

आता तिसऱ्या पाण्याकडे येतो. आपल्या अनेक वस्त्या गावाच्या कडेला आणि सखल बाजूला आहेत. ती जागा आपण निवडलेली नव्हती. त्यामुळे वरच्या गावाचे पाणी आपल्या दारावरून जाते, आणि गावाचे गटार पुष्कळदा आपल्या वस्तीशी येऊन संपते. एकट्याने अंगण उंच केले तर पाणी शेजाऱ्याच्या घरात जाते, आणि मग भांडण त्या शेजाऱ्याशी होते, ज्याचा काही दोष नाही. म्हणून गल्लीचा उतार गल्लीनेच मिळून ठरवला पाहिजे.

दुसरी अडचण सिमेंट रस्त्याची. जुन्या रस्त्यावर नवा थर, त्यावर आणखी एक, असे होत होत रस्ता घराच्या जोत्याच्या वर जातो. रस्ता झाला म्हणून नारळ फुटतो, आणि पावसाळ्यात पाणी घरात शिरते. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या वस्त्यांच्या विकासासाठी जी शासकीय योजना आहे, तीतून रस्त्याबरोबर गटारेही घेता येतात. आपण मागणी करताना क्रम पाळला पाहिजे. आधी पाणी कोठे न्यायचे ते ठरवावे, मग गटार, आणि शेवटी रस्ता. नवा थर टाकण्यापूर्वी जुना खरवडून काढावा आणि रस्त्याची पातळी जोत्याच्या खाली राहावी, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून घ्यावे. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात. तेथे तोंडी तक्रारीपेक्षा एक नकाशा अधिक काम करतो. मघाशी सांगितलेले बाणांचे कागद प्रत्येक घराने काढले आणि ते एकत्र जोडले, तर वस्तीच्या पाण्याचा नकाशा तयार होतो. लेव्हल पाइपने मोजलेल्या पातळ्या त्यावर लिहिल्या, की कोणताही शाखा अभियंता तो बाजूला सारू शकणार नाही.

हे काम मी विद्यार्थ्यांवर सोपवतो. दहा जणांची तुकडी चार रविवार फिरली तर शंभर घरांची वस्ती मोजून होईल. गणित, भूगोल आणि विज्ञान यांचा अभ्यास त्यातच होईल, आणि आपल्या आईवडिलांच्या घराचे आयुष्य वाढेल.

पाणी वळवण्याची ही बुद्धी आपल्याला परकी नाही. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत जाऊन पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीपासून तेथे डोंगराच्या कातळात पन्हळी कोरून पावसाचे पाणी टाक्यांत नेले आहे. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. बहुतेक लेण्यांजवळ असे एक टाके आहे. लेण्यात राहणारा माणूस कोरडा राहावा आणि तेच पाणी त्याला उन्हाळ्यात प्यायला मिळावे, असा दुहेरी विचार त्यामागे होता. पुढच्या सहलीत शिल्पांबरोबर या पन्हळीही मुलांना दाखवा.

शेवटी, ज्यांच्या घराला अगोदरच तडे आहेत त्यांनी निराश होऊ नये. प्रथम पाणी थांबवा. मोरीची गळती, छपराचा पाइप, उलटा उतार, या क्रमाने एकेक दुरुस्त करा. नंतर वर्षभर तड्याच्या खुणा पाहा. ओल सारखी झाली की पुष्कळ घरांची हालचाल मंदावते, आणि मग केलेली डागडुजी टिकते. पाणी तसेच ठेवून भिंतीवर कितीही गिलावा चढवला तरी तो पुढच्या वर्षी पुन्हा फुटणारच.

पावसाळा तोंडावर आला आहे. घरी गेल्यावर प्रत्येकाने आपल्या घराला एक फेरी मारावी आणि मोरीचे पाणी नेमके कोठे मुरते ते पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.